बाटली बाटवू नका!

कलेचा मी शत्रू नाही, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर लोक पहिल्या परिच्छेदातच आपल्याला अरसिक ठरवून मोकळे होतात आणि पुढचं वाचतच नाहीत. हस्तकला नावाच्या प्रकाराला मी जन्मभर जेवढं सोसलं आहे, तेवढं फार थोड्यांनी सोसलं असेल. रेडिओवर अंथरलेला क्रोशाचा रुमाल मी पाहिला आहे. पुढे रेडिओ गेला, टीव्ही आला, रुमाल मात्र तोच राहिला. काड्यापेटीच्या काड्यांचं देऊळ, करवंटीचं माकड, प्लास्टिकच्या वायरीची पिशवी, पिस्त्याच्या टरफलांची कमळं आणि तो कापसाचा ससा, ज्याच्या डोळ्यांच्या जागी गुंजा चिकटवलेल्या असायच्या आणि त्यामुळे जो कायम जागरण झाल्यासारखा आपल्याकडे पाहत असायचा, या सर्वांबरोबर मी एका खोलीत राहिलो, जेवलो, परीक्षेचा अभ्यास केला. कधी तक्रार केली नाही. उलट पाहुण्यांसमोर ‘हे सगळं घरी केलंय बरं का!’ असं म्हणायची पाळी आली, तेव्हा तेही चेहरा सरळ ठेवून म्हटलं.

पण सहनशीलतेलाही तळ असतो, आणि माझ्या सहनशीलतेचा तळ बाटलीचा निघाला. चांगलीचुंगली काचेची बाटली घ्यायची आणि ती ‘स्टेन्ड ग्लास’सारखी दिसेल अशी रंगवायची, या उद्योगाला माझा विरोध आहे. जाहीर, लेखी आणि खाली सही ठोकून विरोध आहे.

हा उद्योग आपल्याकडे तसा नवा नाही. काचेवर चित्रं काढायला शिकवणारे उन्हाळी वर्ग बरीच वर्षं गल्लोगल्ली चालत होते. पण तेव्हा त्याला मर्यादा होती. मे महिना संपला की रोग ओसरायचा. २०२० साली करोनाच्या टाळेबंदीत अख्खा देश घरात कोंडला गेला आणि माणसांनी आजूबाजूला पाहिलं, तर कोपऱ्यात बाटली उभी! त्या साथीवर पुढे लस निघाली. या साथीवर अजून निघायची आहे. आमच्या इमारतीत आज एकही घर असं नाही, जिथे शोकेसमध्ये, जिन्यात, देव्हाऱ्याशेजारी किंवा न्हाणीघराच्या खिडकीत एक तरी रंगवलेली बाटली उभी नाही. ज्या घरात ‘बाटली’ हा शब्द उच्चारायचा झाला तर आधी मुलांना बाहेर खेळायला पाठवत असत, त्या घरात आता दिवाणखान्याच्या मध्यावर व्हिस्कीची बाटली आहे आणि तिच्या अंगावर राधाकृष्ण आहेत. वरच्या मजल्यावरचे बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ उभ्या जन्मात ताकापलीकडे गेलेले नाहीत. पण बाटल्यांच्या आकारांबद्दल ते अशा अधिकाराने बोलतात, की नव्या माणसाचा त्यांच्या पूर्वायुष्याविषयी गैरसमज व्हावा.

कृती सोपी आहे, निदान सांगायला. बाटली गरम पाण्यात बुडवून लेबल सोडवायचं. लेबल निघतं, डिंक निघत नाही. मग तेल आणि खाण्याचा सोडा यांनी डिंक घासायचा, मग तेल जावं म्हणून साबण, साबण जावा म्हणून पाणी आणि पाण्याचाही भरवसा नको म्हणून शेवटी स्पिरिट. एवढी आंघोळ आमच्या लहानपणी दिवाळीच्या पहिल्या दिवशीसुद्धा होत नसे. नंतर कोनातून किंवा ट्यूबमधून काळी जाड रेघ पिळत नक्षी काढायची. ती रेघ काही तास वाळू द्यायची. मग रेघांच्या मधल्या चौकटींत पारदर्शक रंग सोडायचा. बाटली गोल असल्यामुळे रंग ओघळतो. म्हणून ती परातीत तांदूळ पसरून त्यावर आडवी निजवायची, एक कूस रंगवायची, ती वाळली की कूस बदलायची. घरातलं माणूस आजारी पडलं तर त्याची कूस बदलायला हाक मारावी लागते. बाटलीची मात्र दर सहा तासांनी, रात्री उठून बदलली जाते.

आणि एवढं सगळं करून जे तयार होतं, त्याला म्हणायचं ‘स्टेन्ड ग्लास’. इथेच माझं डोकं फिरतं.

आता स्टेन्ड ग्लास म्हणजे काय, ते बघू. ‘स्टेन’ म्हणजे डाग. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपातल्या कारागिरांना एक युक्ती साधली. चांदीचं संयुग काचेला फासून ती भट्टीत भाजली, की काच पिवळी होते. लिंबासारख्या फिक्या रंगापासून थेट केशरीपर्यंत. हा डाग काचेच्या वर बसत नाही, काचेत मुरतो. घासून जात नाही, धुऊन जात नाही, शतकं लोटली तरी जात नाही. पण या पिवळ्या डागाच्या आधीपासूनच रंगीत काचांच्या खिडक्या होत्या आणि त्यांचा रंग तर आणखी खोलवरचा. काच वितळलेली असतानाच तिच्यात धातू मिसळायचे. कोबाल्टने निळी, मँगनीजने जांभळी, तांब्याने हिरवी किंवा तांबडी आणि कुणाचा हात अगदीच सैल असेल तर सोन्याने माणकासारखी लाल. म्हणजे रंग काचेच्या रक्तातच. चेहरे, बोटं, कपड्यांच्या चुण्या रंगवायला तेही कुंचला वापरत, नाही असं नाही. पण तो रंग म्हणजे काचेची पूड आणि धातूची भस्मं. तोसुद्धा सहाशे अंशांच्या वर भाजून काचेशी एकजीव केलेला. आमच्याकडच्या बाटलीच्या रंगाबरोबर जो कागद येतो, त्यावर पहिली सूचना असते: ओल्या फडक्याने पुसू नये. फ्रान्समधल्या शार्त्र गावच्या कॅथीड्रलमध्ये बाराव्या-तेराव्या शतकांतल्या खिडक्या अजून ऊनपाऊस खात उभ्या आहेत. आमची बाटली मोलकरणीच्या एका फडक्याला भिते.

माझा पहिला आक्षेप उजेडाचा आहे. स्टेन्ड ग्लास हे चित्र नव्हे, ती खिडकी आहे. तिच्या मागे ऊन नसेल तर ती काळीठिक्कर दिसते. रस्त्यावरून चर्चची खिडकी पाहा, काही कळणार नाही. आत जाऊन पाहा, तर उभा राहिल्या जागी माणूस गप्प होतो. फार लांब जायला नको. मुंबई विद्यापीठाचं दीक्षान्त सभागृह १८७४ सालचं आहे. गिल्बर्ट स्कॉट या इंग्रज वास्तुकाराने हिंदुस्थानात पाऊलही न टाकता त्याचा आराखडा लंडनहून धाडला. तिथे एक भलीमोठी गोल खिडकी आहे आणि तिच्यात रंगीत काचांच्या बारा राशी आहेत. म्हणजे पदवी घेताना पोरगं बारा राशींच्या साक्षीने उभं असतं, आणि पुढे नोकरी लागते की नाही हे त्यांच्याकडेच सोपवलेलं असतं. पण ऊन त्या खिडकीवर आलं, की त्या राशी काचेत राहत नाहीत, सभागृहभर होतात.

आमच्या आजोळीही माजघराच्या दारावर अर्धगोल चौकटीत लाल, हिरव्या, निळ्या काचा होत्या. कोकणातल्या आणि घाटावरच्या कितीतरी जुन्या घरांत असत. त्यांच्याकडे मान वर करून मुद्दाम बघितल्याचं मला आठवत नाही. आठवतो तो त्यांतून खाली पडणारा तांबडा ठिपका. दुपार कलली की तो हळूहळू सरकत झोपाळ्यावर डुलक्या घेणाऱ्या आजोबांच्या टकलावर यायचा. तो नेमका मध्यावर आला, की आम्ही पोरं समजायचो, आता चहा होणार. खऱ्या रंगीत काचेचं काम स्वतः दिसणं हे नाहीच. उजेडाला रंगवून दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावर सोडणं, हे तिचं काम.

आता आमची बाटली पाहा. ती उभी कुठे, तर शोकेसमध्ये. पाठीला प्लायवूड. ऊन यायला तिथे सूर्याला स्क्रू-ड्रायव्हर घेऊन यावं लागेल. बरं, खिडकीत ठेवली तरी पंचाईत संपत नाही. बाटलीला दोन भिंती असतात, पुढची आणि मागची. आणि आमच्या वहिनींनी दोन्ही रंगवलेल्या असतात. उजेड आधी मागच्या हिरव्या पानातून जातो, मग पुढच्या लाल फुलातून बाहेर येतो. हिरव्यातून गाळून आलेल्या उजेडात लालसाठी काही उरतच नाही. परिणामी गुलाबाचा रंग शिळ्या काढ्यासारखा होतो. मग यावर उपाय म्हणून बुचात बॅटरी असलेली दिव्यांची माळ आणून बाटलीत सोडतात. ज्या काचेला उजेडासाठी पोटात दिवा घालून घ्यावा लागतो, तिने स्वतःला खिडकीची बहीण म्हणवून घेऊ नये. तिला फार तर कंदील म्हणता येईल, आणि कंदील आमच्याकडे याहून चांगले होत असत. त्याकडे मी येणारच आहे.

दुसरा आक्षेप त्या काळ्या रेघेचा. खऱ्या खिडकीत ती काळी रेघ म्हणजे शिसं असतं. मोठा अखंड तक्ता करणं त्या काळी जमत नसे आणि एका तक्त्यात दहा रंग आणता येत नसत. म्हणून रंगारंगाचे तुकडे कापायचे आणि शिशाच्या पट्ट्यांनी ते एकमेकांना जोडायचे. रेघ ही तिथे हौस नव्हती, नाइलाज होता. त्या नाइलाजातून त्या लोकांनी सौंदर्य काढलं, हा त्यांचा मोठेपणा. शिवाय ती जोडणी उपयोगाची होती. दोन्ही महायुद्धांत शार्त्रच्या लोकांनी त्या खिडक्या उतरवून सुरक्षित जागी हलवल्या आणि नंतर पुन्हा होत्या तिथे बसवल्या.

आमची बाटली मुळात अखंड! एका फुंकरीची, एका साच्यातली, कुठे जोड नाही, सांधा नाही. तिच्यावर आम्ही सांध्याची चित्रं काढतो. ती रेघ काही धरून ठेवत नाही, काही जोडत नाही. नुसती जोडल्याचा आव आणते. धडधाकट धोतरावर कुणी ठिगळांची चित्रं काढून घेतली, तर त्याला आपण कलावंत म्हणू की त्याच्या घरच्यांना बोलावून आणू? ठिगळाला शोभा येते ती खाली भोक असतं म्हणून. आजीच्या गोधडीत मावशीच्या परकराचा तुकडा, मामाच्या सदऱ्याचा तुकडा, कुणाच्या तरी लग्नातल्या लुगड्याचा काठ असे तुकडे येतात ते ती वस्त्रं संपली म्हणून, आणि टाका पडतो तो तुकडे धरून ठेवायला म्हणून. माझं तर मत आहे, की शार्त्रची खिडकी आणि आपली गोधडी या सख्ख्या मैत्रिणी आहेत. रंगवलेली बाटली त्यांच्या हळदीकुंकवाला परक्याचे दागिने घालून आलेली आगंतुक बाई.

तिसरा आक्षेप ऐकून तर तुम्हालाही हसू येईल. बाटली मुळात रंगीत असते. बीअरची तपकिरी बाटली घ्या, वाइनची हिरवी घ्या, औषधाची तपकिरी घ्या. हे रंग काही वरून फासलेले नाहीत. तपकिरी रंग येतो तो काचेतल्या लोखंड आणि गंधकाच्या मिश्रणाने, आणि तो उगाच नाही. उजेडातला जो उपद्रवी भाग बीअर किंवा औषध नासवतो, तो या रंगाने अडतो. म्हणजे धातू मिसळून, भट्टीत रंगवलेली, अस्सल रंगीत काच! शार्त्रचा कारागीर जिला ‘ये, बैस’ म्हणाला असता, अशी. आणि आमच्या वहिनी पहिलं काम काय करतात? तिला पांढरा हात देतात. ‘गडद बाटलीवर रंग उठत नाहीत हो भावजी!’ म्हणजे खरी रंगीत काच आधी चुन्यासारख्या पांढऱ्या रंगाने बुजवायची आणि त्यावर रंगीत काचेसारखं दिसणारं चित्र काढायचं. सोन्याच्या बांगडीला पितळेचा मुलामा देऊन वर ‘अगदी सोन्यासारखी दिसते नाही?’ असं विचारण्यापैकी हे आहे. रंगवली, की बाटली खऱ्या अर्थाने ‘बाटली’.

इथपर्यंत भांडण आवडीनिवडीचं होतं असं तुम्ही म्हणाल. कबूल. ज्याची त्याची शोकेस. पण चौथा आक्षेप मात्र मी जीव तोडून मांडणार आहे. कारण या बाटल्यांच्या गळ्यात पुण्याची एक माळ घातलेली असते: ‘टाकाऊतून टिकाऊ’.

बाटली टाकाऊ कधी झाली हो? कुणी ठरवलं? आमच्या घरात बाटली रिकामी होत असे. टाकाऊ होत नसे. या दोन शब्दांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. सरबताची बाटली रिकामी झाली, की तिच्यात गोडेतेल यायचं. तेलाचा वास कायमचा बसला, की ती रॉकेलला बढती मिळून मोरीजवळ जायची. मधाच्या बाटलीत काकवी, काकवीच्या बाटलीत पुढच्या वर्षीचं कोकम. दूध काचेच्या बाटलीत यायचं. मुंबईत आरेच्या केंद्रावर आदल्या दिवशीची धुतलेली बाटली दिल्याशिवाय भरलेली बाटली हातात पडत नसे. डॉक्टरकडे जाताना आजारी माणूस एकवेळ घरी राहिला असता, बाटली राहिली नसती. कंपाउंडर त्या घरच्या बाटलीत तांबडं मिक्स्चर भरायचा आणि बाहेरून कात्रीने कातरलेली कागदाची पट्टी चिकटवायचा. एक खाच, एक डोस. आमच्या काळी बाटलीवर एवढीच नक्षी असायची. आणि ती नक्षी वाचून माणसं बरी होत. सोड्याच्या बाटलीत तर झाकण म्हणून गोटीच घातलेली. हायरम कॉड नावाच्या इंग्रजाने १८७२ साली तिचं पेटंट घेतलं. हेतू हा, की बाटली जन्मभर पुन्हापुन्हा भरावी आणि बूच शोधत बसायला लागू नये. बाटलीचा व्यवहार इतका मानाचा, की आपल्या पारशी बांधवांनी ‘बाटलीवाला’ हे आडनाव घेतलं. ‘रंगीतबाटलीवाला’ अजून तरी कुणी आढळलेला नाही.

आणि हे सगळं इतिहासजमा झालं असं समजू नका. आजही बीअरच्या बाटल्या भंगारवाल्यांमार्फत गोळा होतात, धुतल्या जातात आणि पुन्हा भरल्या जातात; एकच बाटली अनेक फेऱ्या मारते. तडकली, फुटली, तरी तिची कहाणी संपत नाही. काच वितळवून पुन्हा काच होते, कितीही वेळा होते, आणि तिचा कस उतरत नाही. काचेची भट्टी पंधराशे अंशांच्या घरात तापवावी लागते. त्यात जुन्या काचेचा चुरा घातला, की वाळू आणि सोडा कमी लागतो आणि जळणही वाचतं. दर दहा टक्के चुऱ्यामागे साधारण अडीच ते तीन टक्के ऊर्जा वाचते, असा हिशेब आहे. आता मला सांगा, जी वस्तू धुतली तर पुन्हा बाटली होते आणि फुटली तरी पुन्हा बाटली होते, तिला तुम्ही आणखी टिकाऊ काय करणार? अमर माणसाचा विमा उतरवण्यासारखं आहे हे.

रंगवलेल्या बाटलीचं मात्र खरोखरच मरण ओढवतं. तिच्यात तेल भरता येत नाही, कारण ती धुता येत नाही. पाणी भरता येत नाही, कारण आत किती आहे ते दिसत नाही. मनीप्लँट लावला, तर ज्यांच्यासाठी मनीप्लँट काचेत लावायचा ती पांढरी मुळं झाकून जातात. दोन-तीन वर्षांत रंगाचे पापुद्रे सुटतात, काळ्या रेघांच्या खाचांत धूळ बसते आणि बाटली माळ्यावर जाते. मग एका दिवाळीत ती खाली येते, आणि भंगारवाला इतर बाटल्या पोत्यात टाकून हिला बाजूला काढतो. “साहेब, ही नाही चालणार. साधी असती तर घेतली असती.” माझ्या मते या विषयावरचं सर्वोत्तम कलासमीक्षण हे आहे. टिकाऊ वस्तू घेऊन ती आपण टाकाऊ केली, आणि मधल्या तीन वर्षांत पाहुण्यांकडून शाबासकी घेतली!

कुणी म्हणेल, एका बाटलीने काय होतं? एका पैशाने काय होतं, असंही एकेकाळी लोक म्हणाले होते. अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंडाची कल्पना काढली. दरमाणशी एक पैसा गोळा करायचा आणि त्यातून देशी उद्योग उभा करायचा. लोकमान्य टिळकांनी ती उचलून धरली. अशा पैशापैशाने जमलेल्या रकमेतून १९०८ साली तळेगावला कारखाना निघाला, तो कशाचा? तोफांचा नाही, घड्याळांचा नाही. काचेचा! पुढे कराडजवळ ओगल्यांनी काच कारखाना उभारला आणि त्यांचा प्रभाकर कंदील महाराष्ट्रभर खेडोपाडी पोचला. त्याच्या उजेडात कितीतरी पोरं शिकली. आणि लक्षात घ्या, रंगीत काच करणं त्या मानाने सोपं. वाळूत जरासं लोखंड असलं, की काच आपोआप हिरवट होते. अवघड असते ती स्वच्छ, बिनरंगाची काच. जिच्यातून पलीकडचं जसंच्या तसं दिसावं. कंदिलाची काच स्वच्छ निघावी म्हणून भट्टीपुढे माणसांनी घाम गाळला. त्या स्वच्छतेवर आपण ट्यूब पिळून कमळं काढतो. काचेचा मोठा गुण कोणता, तर आपण मध्ये न येता पलीकडचं दाखवणं. माणसांत हा गुण दुर्मीळ आहे. बाटलीत तरी राहू द्यावा.

आमच्या वहिनींना मी हे सगळं एकदा क्रमाने सांगितलं. त्यांनी हातातली ट्यूब खाली ठेवली नाही. “भावजी,” त्या म्हणाल्या, “खऱ्या रंगीत काचेची खिडकी करून घ्यायची तर किती पैसे पडतील, चौकशी केलीत कधी? आणि दुपारी घरातलं सगळं आटपल्यावर दोन तास माझे मला मिळतात. त्यात मी रंग नको लावू, तर काय बाटलीकडे बघत बसू?”

प्रश्न रास्त आहे. त्याला टाळून पुढे जाणं मला शोभणार नाही. हाताला चाळा हवा, डोळ्यांना रंग हवा, आणि आपण केलेलं काहीतरी चार लोकांनी पाहावं, ही भूक खोटी नाही. घर सांभाळणाऱ्या बाईला ती अधिकच लागते, कारण तिने केलेल्या बाकीच्या सगळ्या गोष्टी लोक जेवून किंवा वापरून संपवतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मागतात. स्वयंपाकाची शोकेस नसते. त्या दोन तासांना नावं ठेवणारा मी कोण? माझं भांडण त्यांच्या हाताशी नाहीच. त्यांचा हात फार चांगला आहे. थरथर न होता ती रेघ ओढणं मला सात जन्मांत जमणार नाही. माझं भांडण हे, की इतका चांगला हात नकलेला का जुंपायचा?

म्हणून मी त्यांना म्हटलं, “वहिनी, रंगवायचंच तर जिन्यातल्या खिडकीचं तावदान रंगवा ना. सपाट आहे, ओघळ येणार नाही. तांदूळ लागणार नाहीत, कूस बदलायला नको. एकच भिंत, म्हणजे लाल तो लाल आणि हिरवा तो हिरवा. मागून सकाळचं ऊन येतं. महाग काच नको, शिसं नको. तुमचेच रंग, पण त्यांच्यामागे खरा उजेड. जिन्याने चढणाऱ्या प्रत्येक माणसाच्या अंगावर तुमचा रंग पडेल. अहो, शोकेसमधली बाटली बघायला लोकांना वाकावं लागतं. ही खिडकी स्वतः लोकांना शोधत येईल.”

वहिनी विचारात पडल्या. मग म्हणाल्या, “सोसायटीची परवानगी लागेल.” म्हणजे कलेच्या वाटेत आता मी उरलेलो नाही, सेक्रेटरी आहेत. ते आणि त्या पाहून घेतील. वहिनींचा निर्धार मी तीस वर्षं ओळखून आहे. मला काळजी सेक्रेटरींचीच वाटते.

तेव्हा वाचकहो, माझं मागणं फार नाही. रंग लावा, मनसोक्त लावा. भिंतीला लावा, तावदानाला लावा, जुन्या ट्रंकेला लावा. जे आपलं काम संपवून बसलं आहे त्याला लावा. बाटलीचं काम संपलेलं नाही. तिला रिकामं होता येतं आणि पुन्हा भरता येतं. हे भाग्य फार थोड्या वस्तूंच्या आणि त्याहून थोड्या माणसांच्या वाट्याला येतं. ते रंगाच्या एका हाताखाली गाडू नका.

आणि घरात रंगीत काच हवीच असेल, तर तीही सांगतो. एखादी हिरवी बाटली घ्या. लेबल काढा, स्वच्छ धुवा आणि स्वयंपाकघराच्या खिडकीशी, जिथे ऊन येतं तिथे ओट्यावर उपडी घाला. थोड्या वेळाने शेजारी ओट्यावर एक हिरवा डाग पडलेला दिसेल, पाण्यासारखा थरथरणारा. ती खरी स्टेन्ड ग्लास. फुकटची, आणि वाळली की तेल भरायला मोकळी.

तो डाग घासायला मात्र जाऊ नका. घासून तो निघत नाही. आणि ऊन उतरलं, की आपला आपण जातो.